साडूचा हर्निया

सातव्या मजल्यावरून सोडलेलं मळक्या चादरींचं गाठोडं तळघरात येऊन आदळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात घडीमामाची एक चादर घडी होऊन बाजूला पडलेली असे. गाठोडी पत्र्याच्या एका उभ्या नळातून यायची. नुसत्या आवाजावरून तो मजला ओळखायचा. "हे तिसऱ्याचं, बाळंतिणींचं. हे पाचव्याचं, हाडवाल्यांचं." त्या मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात त्याने एकतीस वर्षं काढली होती, आणि वरचे सातही मजले त्याला ठाऊक होते ते असे, कानाने.

धुलाईखाना म्हणजे जमिनीखालची एक लांबच लांब खोली. एका अंगाला सहा यंत्रं पोटं गरगरवत उभी, दुसऱ्या अंगाला वाफेवर तापणारा अवजड रोलर, आणि मधल्या सगळ्या जागेत नुसती वाफ. समोरचा माणूस आधी आवाजाने यायचा, मग त्याचे पाय दिसायचे, मग उरलेला. नवीन माणूस पहिला आठवडा भेदरून जायचा. जुन्यांना मात्र बाहेरची स्वच्छ हवाच उघडीवाघडी वाटायची.

घडीला दोघं लागतात. चादरीची दोन टोकं याने धरायची, दोन त्याने. एक झटका, मग चालत जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे सरायचं. घडीमामाच्या समोर बहुतेक वेळा त्याचा साडू असे. दोघं एकाच आठवड्यात कामाला लागले होते, दोघंही बिनलग्नाचे. मग घडीमामाला दोन बहिणींतली थोरली मिळाली, आणि वर्षाच्या आत त्याने धाकटीसाठी मित्राचं नाव पुढे केलं. "दिवसभर याचं थोबाड बघतोच," तो सासऱ्यांना म्हणाला होता, "सुट्टीलाही बघितलं तर काय मोठं बिघडणार आहे?"

साडूला धुलाईखान्यात 'परमनंट' म्हणत. त्याची गोष्ट अशी, की अठरा वर्षांपूर्वी रुग्णालयाने धुलाईचं काम कंत्राटदाराला देऊन टाकलं आणि फक्त एक माणूस स्वतःच्या नोकरीत कायम ठेवायचं ठरवलं. अर्ज दोघांनी केला. साहेबांनी आठवी पासचा दाखला मागितला. साडूकडे तो होता. घडीमामाकडे सातवीचा होता. एवढंच. त्या दिवसापासून चादरीचं एक टोक कायम आणि दुसरं कंत्राटी झालं. साडूच्या खिशाला निळं कार्ड आलं, त्याला भरपगारी रजा मिळू लागली, आणि पन्नाशीनंतर दर वर्षी एकदा वर बोलावून डोक्यापासून पायापर्यंत फुकट तपासणी. घडीमामाने कधी त्याचा हेवा केला नाही, निदान तोंडाने नाही. "आमच्या घराण्यात एक तरी परमनंट आहे," असं तो अभिमानाने सांगायचा.

तीन वर्षांपूर्वी साडूने दीड महिन्याची रजा टाकली. काय झालं विचारलं तर म्हणाला, "हर्निया. ऑपरेशन करावं लागलं." परत आला तेव्हा गाल बसले होते आणि चालताना पाय जपून टाकत होता. सगळ्यांनी थट्टेने हैराण केलं. घडीमामा सगळ्यांत पुढे. पण त्याच दिवशी त्याने साडूच्या हातातलं ओलं गाठोडं काढून घेतलं. "सोड. टाके उसवायचे. मी आहे ना." ओली गाठोडी म्हणजे दगड. पुढचे सहा महिने साडूच्या वाटणीची सगळी गाठोडी घडीमामाने यंत्रातून रोलरपर्यंत वाहिली, आणि साडू खाली मान घालून नुसता घड्या घालत राहिला.

म्हणून जेव्हा घडीमामाची कंबर धरली, तेव्हा कारण शोधायला लांब जावं लागलं नाही.

कंबरेच्या आधीही एक गोष्ट सुरू झाली होती. ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. लघवीला सारखं जावं लागायचं, आणि गेलं की नीट व्हायची नाही. नळ आटल्यासारखी. मुकादम, म्हणजे कंत्राटदाराचा माणूस, घड्याळ बघून म्हणायचा, "मामा, तुमचं घर तिकडेच हलवू का?" सगळे हसायचे, घडीमामाही हसायचा. मग त्याने पाणीच कमी केलं. त्या वाफेच्या खोलीत दिवसभरात दोन पेले. वय झालं, त्याने मनाशी म्हटलं, सगळ्यांचंच होतं.

बाहेरच्या रुग्णांची खिडकी सकाळी आठला उघडायची आणि दहाला बंद व्हायची. घडीमामाची पाळी सातला सुरू व्हायची. वर जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा, आणि कंत्राटात महिन्याला दोन खाडे झाले की मुकादम नवीन माणूस बघायला लागायचा. डॉक्टर त्याच्या बरोबर डोक्यावर होते, तीन जिने वर. त्यांच्या पायांखाली तो त्यांच्याच चादरी धूत होता. तो कोपऱ्यावरच्या दुकानातून मलम आणायचा आणि मलमाने भागेना तेव्हा गोळ्या.

त्या गोळ्यांनी दुखणं जायचं नाही, नुसतं लांब जाऊन बसायचं. आणि घडीमामा तरंगायला लागायचा. रोलरमधून चादर निघायची ती संपायचीच नाही. पांढरी, कोमट, येतच राहायची, आणि त्याला वाटायचं आपण तिच्यावरून चालत चाललोय आणि पावलांचा आवाज होत नाहीये. वाफेतून माणसं यायची जी तिथे नव्हती. एकदा सासरे आले, हातात छत्री, म्हणाले, "अजून इथेच का?" एकदा त्याची शाळा आली, सातवीचा वर्ग, खिडकीशी त्याची जागा, आणि बाहेर कुणीतरी घंटा वाजवत होतं पण सुटी काही होत नव्हती. मग साडू चादरीला झटका द्यायचा आणि तो जागा व्हायचा.

"झोपतोस काय उभ्या उभ्या?"

"तू दे झटके. मी माझ्या जागेवर आहे."

असे सात-आठ महिने गेले. एका दुपारी जेवणानंतर तो उठायला गेला आणि उजवा पाय आलाच नाही. पाय होता, दिसत होता, पण त्याला सांगितलेलं ऐकू जात नव्हतं. तो ताज्या चादरींच्या ढिगावर मागे कलंडला. ढीग गरम होता. खूप बरं वाटलं त्याला. इथेच राहावं, असं मनात आलं.

साडूने त्याला पाहिलं. मग जे झालं त्याचे तुकडेच घडीमामाला आठवत: आपण चादरींच्या ढकलगाडीत पाय दुमडून बसलोय, गाडीची चाकं कुरकुरतायत, लिफ्टचा दिवा एकेक आकडा वर चढतोय, आणि साडू निळं कार्ड हातात नाचवत कुणावर तरी ओरडतोय, "घरचा माणूस आहे! माझ्या घरचा माणूस आहे!"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला हळू. त्यांनी तपासलं, रक्त काढायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी हाडांचा फोटो. त्यासाठी हातात एक सुई टोचली, तीन तास पाणी प्यायला लावलं आणि मग एका अरुंद फळीवर निजवलं. वरून एक चौकोनी पत्रा इतका सावकाश सरकत होता की तो सरकतोय हे कळायला डोळे मिटून उघडावे लागत. खोली थंड होती. घडीमामाला वाटलं आपल्याला रोलरखालून काढतायत, अगदी हलक्या हाताने, एकही सुरकुती राहू नये म्हणून.

पडद्यावर त्याने स्वतःला पाहिलं. करडी, पातळ हाडं, आणि पाठीच्या कण्यावर सगळीकडे, खुब्याजवळ, दोन बरगड्यांवर काळे ठिपके.

डाग त्याला कळत. रक्ताचा कुठल्या पाण्यात जातो, औषधाचा पिवळा कशाने उतरतो, हे त्याच्याकडून शिकलेली माणसं होती. त्याने डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "हा जाणारा डाग आहे की राहणारा?"

"राहणारा," त्या म्हणाल्या. "पण फिका करता येईल. काही वर्षंसुद्धा, नशीब असेल तर. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, मामा. लघवीच्या पिशवीखाली एक अक्रोडाएवढी ग्रंथी असते पुरुषांना, तिथून सुरू होतो. फार सावकाश चालतो हा. एका साध्या रक्ततपासणीत त्याचा माग लागतो. दोन-तीन वर्षांपूर्वी तुम्ही आला असतात तर मुळासकट काढता आला असता." मग त्यांनी कागदावरून नजर वर केली. "तुम्ही इथेच काम करता म्हणता. मग वर का नाही आलात?"

"मी इथे काम करतो," घडीमामा म्हणाला, "पण इथला नाही."

साडू मागे भिंतीला टेकून उभा होता. तो खोलीबाहेर गेला. घडीमामाला वाटलं, रडायला गेला असेल.

मणक्यावर दहा दिवस किरणं दिली. पायात थोडी शक्ती आली, काठी घेऊन चालता येऊ लागलं. मग डॉक्टरीणबाईंनी घडीमामाला आणि त्याच्या बायकोला, थोरलीला, समोर बसवून पुढचं सांगितलं. हा आजार पुरुषाच्या अंगातल्या एका रसावर पोसतो. तो रस थांबवला की आजार बराच काळ गप्प बसतो. थांबवायचे दोन रस्ते. एक, दर तीन महिन्यांनी सुई, जन्मभर. दुसरा, एकच छोटी शस्त्रक्रिया: ज्या दोन अंडग्रंथींतून तो रस येतो, त्याच काढून टाकायच्या.

"गुण कशाने जास्त?" थोरलीने विचारलं.

"सारखाच. पण सुई तुम्हाला विकत आणावी लागेल. कायम नोकरीत असता तर इथल्याच औषधांच्या खोलीतून मिळाली असती. शस्त्रक्रिया मात्र सगळ्यांना फुकट आहे." त्यांनी हे खाली बघून सांगितलं.

दोघं बाहेर बाकावर येऊन बसले. समोरच्या भिंतीवर उन्हाचा एक चौकोन होता आणि तो हळूहळू सरकत होता. घडीमामा त्याच्याकडे बघत राहिला.

"माझं काय उरणार मग?" अखेर तो म्हणाला.

थोरलीने पदराने त्याच्या कानामागचा घाम पुसला. "तुम्ही उराल," ती म्हणाली. "मला त्यातलं बाकी काही मोजून घ्यायचं नाहीये."

शस्त्रक्रिया झाली. चार दिवसांत तो घरी आला. महिनाभरात कंबर खरंच हलकी झाली, आणि नवीनच प्रकार सुरू झाला. बसल्या बसल्या पोटातून एक गरम लाट उठायची, छाती, गळा, कान पेटायचे, आणि मिनिटभराने घामाने थबथबून तो गार पडायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा त्याने घाबरून हाक मारली. थोरली स्वयंपाकघरातून आली, त्याच्या कपाळाला हात लावला, आणि तिला हसूच आवरेना.

"अहो, हे मला सहा वर्षांपूर्वी झालं होतं! तेव्हा तुम्ही काय म्हणालात? 'खिडकी उघडून बस, नाटकं करू नकोस.'"

"असं म्हणालो मी?"

"अस्संच."

"मग उघड खिडकी," तो म्हणाला, आणि दोघंही हसले. ती पंखा घेऊन त्याच्याजवळ बसली. त्या दिवसांत दुपारी ती दोघं बराच वेळ अशी बसत, जसं एवढ्या वर्षांत कधी बसायला मिळालं नव्हतं. खिडकीतून समोरच्या घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसायची, तिच्यावर एक पारवा चालायचा. घडीमामा त्याला बघता बघता झोपायचा आणि झोपेतही त्याला बघायचा.

अशाच एका दुपारी साडू आला. एकटा. एरवी धाकटीशिवाय तो कधी येत नसे. चहा झाला. पेला त्याने दोन्ही हातांत धरून ठेवला, रिकामा.

"ताई, तुम्ही जरा आत जाता का?" तो थोरलीला म्हणाला.

"जाते. पण भिंत पातळ आहे," असं म्हणून ती आत गेली.

साडू खिडकीबाहेर बघत बोलला. "मला हर्निया झालाच नव्हता."

घडीमामाला आधी अर्थच लागला नाही.

"तुला झालंय तेच होतं. तीन वर्षांपूर्वी वर्षाच्या तपासणीत रक्तात सापडलं. नुकतंच उगवलेलं. त्यांनी काढून टाकलं. आता काही नाही." तो थांबला. "कसं सांगणार होतो रे? जागाच तसली. पुढे वर्षभर मला लघवी आवरत नव्हती. लहान मुलासारखी पट्टी लावून कामाला यायचो. आणि बाकीचं पण... धाकटीला माहीत होतं, बास. मी तिला शपथ घातली होती."

टाकीवरचा पारवा उडून गेला. घडीमामाला वाटलं आपण वाफेत उभे आहोत आणि समोरून कोणीतरी येतंय, आधी नुसते पाय.

"म्हणजे," तो म्हणाला, "सहा महिने मी तुझी ओली गाठोडी उगाच उचलली?"

साडूचा चेहरा वेडावाकडा झाला. हसावं की काय त्याला कळेना.

"उगाच नाही. मला खरंच उचलता येत नव्हती."

"मला वाटत होतं त्यानेच माझी कंबर गेली. आठ महिने मी मलम चोळलं. हर्नियाच्या नावाने चोळलं."

"मी सांगितलं असतं तर तुला वर नेलं असतं. हाताला धरून नेलं असतं. कार्ड दाखवून, भांडून."

"नेलं असतंस," घडीमामा म्हणाला. त्याने साडूच्या हातातून रिकामा पेला काढून घेतला. "आता जा. मला बघवत नाही तुझ्याकडे."

साडू गेला. आतून थोरली बाहेर आली तेव्हा तिचेही डोळे लाल होते. तिला राग बहिणीचा जास्त आला होता.

तीन आठवडे कुणी कुणाकडे गेलं नाही. घडीमामा खिडकीशी पडून राहायचा आणि डोळे मिटले की तीच चादर समोर यायची. पलीकडची दोन टोकं धरून साडू उभा, मान खाली. आता त्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ त्याला कळत होता. किती वर्षं तो समोर होता, हाताच्या अंतरावर, चालत जवळ येत होता, टोकाला टोक लावत होता, आणि तोंडाशी आलेलं गिळून पुन्हा मागे सरत होता. राग यायचा. मग त्याला वाटायचं, मी तरी कुठे सांगितलं? मुकादमाने थट्टा केली तेव्हा मीसुद्धा हसलोच. आणि समजा साडूने सांगितलं असतं. मी काय केलं असतं? आठवडाभर त्याला सळो की पळो करून सोडलं असतं. तपासणी केली असती का, ते देव जाणे. साडूला ती वर बोलावून करत होते. मला खाडा टाकून, रांग लावून, हात जोडून मागावी लागली असती. सगळा दोष साडूच्या एका थापेवर टाकता येईना. थोडा टाकता येत होता. तेवढा त्याने ठेवून घेतला.

चौथ्या आठवड्यात त्याने थोरलीला सांगितलं, "बोलाव त्याला."

साडू आला आणि दारातच उभा राहिला.

"ये, बस. खाली आपल्याकडे पन्नाशीच्या पुढचे किती आहेत?"

साडूने बोटांवर मोजलं. "रोलरवरचे तिघं, बंबवाला, यंत्रांवरचे पाच... चौदा. का?"

"परवा जेवणाच्या सुटीत मला खाली घेऊन चल. तुला त्या चौदा जणांना सांगायचंय."

"काय?"

"हर्निया कसा झाला ते."

साडूचं तोंड उतरलं. "सगळ्यांसमोर?"

"सहा महिन्यांची गाठोडी आहेत माझी तुझ्याकडे," घडीमामा म्हणाला. "एवढं उचल."

ठरल्या दिवशी यंत्रं थांबली. थांबलेल्या यंत्रांमध्ये वाफ हळूहळू वर चढून छताला लागली आणि खाली माणसं स्पष्ट दिसायला लागली, म्हणजे नको इतकी स्पष्ट. घडीमामा खुर्चीवर काठी टेकून बसला. साडू मध्ये उभा राहिला, दोनदा खाकरला, आणि बोलायला लागला. रक्त, तपासणी, ऑपरेशन, पट्टी. काहीच वगळलं नाही त्याने. डबे उघडेच राहिले. मग त्याने खुर्चीकडे हात केला आणि म्हणाला, "मला वेळेवर कळलं, कारण माझ्याकडे कार्ड होतं. याला उशिरा कळलं, कारण याच्याकडे नव्हतं, आणि मी तोंड उघडलं नाही."

शेवटी रोलरवरचा सगळ्यांत म्हातारा इस्त्रीवाला, जो एरवी दिवसभरात दहा शब्द बोलायचा नाही, त्याने घास गिळून विचारलं, "मग आता... जमतं का?"

हशा असा फुटला की मुकादम धावत आला.

"कधी कधी," साडू लालबुंद होऊन म्हणाला. "मोसम बघून."

त्या हसण्याने काम केलं. दोघंजण लगेच कबूल झाले की त्यांनाही सारखं जावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी कार्यालयाला पत्र लिहिलं; कार्यालयाने उत्तर दिलं की कंत्राटी कामगार नियमात बसत नाहीत. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. तेही नाकारलं गेलं. मग त्यांनी पत्र लिहिणं सोडून दिलं आणि एका शनिवारी दुपारी प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीला घेऊन स्वतःच तळघरात उतरल्या. रोलरच्या शेजारी टेबल टाकलं. चौदा जणांनी बाह्या वर केल्या. सुईला सगळ्यांत जास्त घाबरला तो मुकादम. तो चौदांत नव्हता, पण पंधरावा म्हणून गुपचूप रांगेत येऊन उभा राहिला होता.

दोघांचे आकडे जास्त आले. एकाचं पुढच्या तपासणीत काही निघालं नाही. दुसरा म्हणजे वाफेचा बंब सांभाळणारा बंबवाला, चोपन्न वर्षांचा, धिप्पाड, ज्याला आयुष्यात सर्दीसुद्धा झाली नव्हती. त्याच्यात नुकतंच उगवलेलं सापडलं. तो घडीमामाच्या घरी आला तो भांडायलाच. "चांगला होतो मी! तुमच्या नादाला लागून रोगी झालो!" घडीमामाने त्याला बसवलं, पाणी दिलं, बोलू दिलं. बंबवाल्याचं ऑपरेशन झालं. त्याने कधी आभार मानले नाहीत, आणि आजही तो बंबापाशी उभा आहे.

नियम काही बदलला नाही. पुढच्या वर्षीही खालच्यांच्या तपासणीसाठी साडूलाच वरच्या मजल्यावर खेटे घालावे लागले, त्याच्या पुढच्या वर्षीही. पण आता त्याला लाज वाटत नव्हती. नवीन माणूस कामाला आला आणि पन्नाशीचा असला की साडू पहिल्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन विचारायचा, "लघवीला कसं होतं?" लोक त्याला चळलेला समजायचे.

घडीमामा त्या शस्त्रक्रियेनंतर एकोणीस महिने जगला. शेवटचे चार वाईट गेले, ते सांगण्यात अर्थ नाही. त्याआधीचे पंधरा मात्र चांगले गेले, आणि त्यातला एक दिवस सांगायला हवा.

गावाबाहेर एक तलाव होता, आणि त्यावर या काठावरून त्या काठावर जाणारी एक सपाट नाव. घडीमामाने ती कधी पाहिली नव्हती. कधी सवडच झाली नव्हती. दोघी बहिणींचा अबोला तोवर मिटला होता. धाकटीने एक दिवस येऊन सरळ भांडी घासायला घेतली होती आणि थोरलीने काही न बोलता ती पुसली होती. तर चौघं मिळून गेले. साडूने घडीमामाला उचलूनच नावेत ठेवलं.

"टाके उसवतील," घडीमामा म्हणाला.

"गप्प बस."

ऊन कोवळं होतं. पाणी इतकं स्थिर, की नाव चालते आहे की काठच मागे सरकतो आहे ते कळत नव्हतं. बहिणी लहानपणीचं काहीतरी बोलत होत्या, एका मांजरीचं, आणि दोघींच्या आठवणीत तिचा रंग वेगळा होता. घडीमामाने डोकं साडूच्या खांद्यावर टेकलं आणि त्याला झोप लागली. साधी झोप, गोळीची नाही, दुखण्याची नाही.

पलीकडचा काठ आला. लोक उतरले. नावाड्याने यांच्याकडे पाहिलं. साडूने खांदा न हलवता डोळ्यांनीच झोपलेल्याकडे खूण केली. नावाड्याने मान डोलावली आणि नवीन माणसं भरून नाव परत फिरवली. अलीकडचा काठ आला, तसंच झालं. मग पुन्हा पलीकडचा. साडूच्या हाताला मुंग्या आल्या, मग हात असल्याचंच कळेनासं झालं.

तिसऱ्या फेरीच्या मध्यावर घडीमामा जागा झाला. त्याने मान वर करून चहूकडे पाणी पाहिलं.

"अजून पोचलोच नाही?"

"दोनदा पोचलो," थोरली म्हणाली.

"मग उठवायचं नाही का?"

"हा हलू देईना," धाकटीने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

घडीमामाने साडूकडे पाहिलं. साडू बधिर झालेला हात दुसऱ्या हाताने चोळत होता. "असू दे," घडीमामा म्हणाला, "आता पोचलो की उतरू." आणि मांजरीचा रंग शेवटी कोणता ठरला, ते त्याने बहिणींना विचारलं.